एकतिसाव्या प्रश्नापासून पुढे

आधी माफी मागते. माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचा मला कधीच भरवसा नव्हता. व्हर्नाक्युलर चौथी पास झाले त्यालाही तीस वर्षे होत आली. शुद्धलेखनासाठी कुसुमची शाळेतली वही शेजारी उघडून ठेवली आहे, तरी चुका राहतीलच.

कुसुम माझी भाची, मुलींच्या शाळेत शिकवते. तिच्या ओळखीचे कोणी दिवाळी अंक काढतात, त्यांना निराळी कामे केलेल्या बायकांचे अनुभव हवे आहेत. ती म्हणाली, "मावशी, तू त्या मनाच्या डॉक्टरांकडे कामाला होतीस ना, ते लिही." मी नको म्हटले. ती गेल्यावर तिचीच एक कोरी वही घेऊन बसले. हे अंकाला देणार नाही, देण्यासारखे नाहीच. पण अंकात लिहितात तसे, परक्या माणसाला नीट कळेल असे लिहायचे ठरवले आहे, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

नंदुरबारला एका शेठजींचा धर्मार्थ दवाखाना होता. नवरा वारल्यावर मी भावाकडे राहत होते आणि त्या दवाखान्यात बायकांच्या रांगेपाशी बसून कागद लिहीत होते. नाव, गाव, वय, काय दुखते. पगार नऊ रुपये. काम सोपे होते पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातूनच आले. कागदावरचे सगळे रकाने भरलेच पाहिजेत, असा कंपाउंडरचा हुकूम होता आणि बायकांना निम्म्या गोष्टी माहीत नसत किंवा सांगायच्या नसत. वय विचारले की म्हणत, "मोठा दुकाय पडना तवय मी रांगत व्हती. तुले जे वाटी ते लिखी टाक." मी तोंडाकडे बघून तीस लिहायची, चाळीस लिहायची. आजार किती दिवसांपासून? तोही माझ्याच मनाने. असे करता करता दुसरीच्या वतीने लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे, हे माझ्या ध्यानातून गेले. ते मला मदत केल्यासारखे वाटू लागले.

लढाईच्या दिवसांत तिथे वसंतराव आले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, उंच, बारीक, चष्मा. विद्यापीठात मनाच्या आजारांचा अभ्यास करून त्यांना डॉक्टर व्हायचे होते. औषधाचा डॉक्टर नव्हे, त्याहून निराळी पदवी. त्यासाठी एक मोठा प्रबंध लिहावा लागतो आणि तो पुस्तके वाचून भागत नाही, माणसे तपासावी लागतात. शेठजींच्या ओळखीने त्यांना दवाखान्यातली पट्ट्या ठेवायची मागची खोली मिळाली. रांगेतल्या बायका आपसात बोलत, "सुई नही, गोयी नही, मंग कसाना डाक्टर?" दुसरी सांगायची, "येडासना शे," म्हणजे वेड्यांचा आहे.

त्यांची भाषा पुस्तकातली. ते विचारत, "आपणांस अलीकडे खिन्न वाटते काय?" आणि बाई माझ्याकडे बघायची. म्हणून त्यांनी दवाखान्याच्या परवानगीने मला मागून घेतले. बायकांना त्यांच्या बोलीत विचारायचे आणि उत्तर आले तसे, त्याच बोलीत लिहून घ्यायचे. पूर्ण भरलेल्या दर कागदाला चार आणे. अर्धवट कागदाला काही नाही.

काम काय होते ते सांगते. दोन भाग असत. पहिल्या भागात शंभर शब्दांची यादी. मी एक शब्द म्हणायचा, पाणी, आई, विहीर, भाकर, आणि बाईने मनात पहिला येईल तो शब्द सांगायचा. वसंतरावांकडे खटका दाबला की थांबणारे घड्याळ होते. शब्द आणि उत्तर यांत किती वेळ गेला ते ते मांडत. ते म्हणत, "यमुनाबाई, वैद्य नाडी बघतो, मी शब्दाची नाडी बघतो. जिथे अडखळते तिथे गाठ." दुसऱ्या भागात साठ प्रश्न. घरात कोण, भूक कशी, स्वप्ने कोणती, असे करत करत एकतिसाव्यापासून अडतिसाव्यापर्यंत आठ प्रश्न नवरा-बायकोच्या राहण्याविषयी. पहिल्या भागाला वसंतराव खोलीत बसत. दुसऱ्याला ते बाहेर ओसरीवर जात, कारण पुरुषासमोर बाई ते बोलणार नाही.

मला त्यांनी तीन आठवडे शिकवले. मान हलवायची नाही. "असं का वं?" म्हणायचे नाही. उत्तर आवडले की नाही ते तोंडावर दिसू द्यायचे नाही. आणि जो दुसऱ्याला विचारणार त्याने आधी स्वतः सगळे द्यायचे, हा नियम. शंभर शब्द त्यांनी मला विचारले. साठ प्रश्नांचा कागद मात्र घरी नेऊन एकटीने भरायला सांगितला. "तो तुमचाच, मला दाखवायचा नाही." मी तीस प्रश्न भरले. पुढचे आठ कोरे ठेवले आणि कागद ट्रंकेत टाकला.

ते स्वतःही शिकाऊच होते. दर पंधरा दिवसांनी सगळे कागद टपालाने त्यांच्या सरांकडे विद्यापीठात जात आणि लाल पेन्सिलीने रंगून परत येत. "बाईचा स्वतःचा शब्द कुठे आहे?" "हा अर्थ तुमचा, तिचा नव्हे." एकदा तीन बायकांच्या कागदांवर वसंतरावांनी लिहिले होते की 'आई' या शब्दाला डोळ्यांत पाणी आले. सरांनी भोवती लाल वर्तुळ करून विचारले, त्या वेळी आसपास काय चालले होते? आसपास मिरची चालली होती. त्या बायका पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानावर, दिवसभर देठ खुडून तशाच आलेल्या. हात डोळ्याला लागला की आई काय आणि विहीर काय, पाणी येणारच. वसंतराव खूप हसले. तेव्हापासून दाराशी बादली आणि साबण ठेवला. आधी हात धुवायचे, मग मन.

भागीरथीआजी म्हणून एक म्हातारी होती. शंभर शब्द झाल्यावर ती उठेना. म्हणाली, "आते मी सांगसू, तू सांग. लगीन?" वसंतरावांचे कान लाल झाले. आजीने त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे बोट केले, "देख व यमुना, काटा कितला पये शे!" ते शेवटी म्हणाले, "आई." आजी म्हणाली, "मंग तुन्ही मायलेच कागद धाड, तिले सांग आंडोरनं लगीन करी टाक." आंडोर म्हणजे मुलगा; दोन दिवस 'आंडोरनं लगीन' दवाखान्यात फिरत होते.

अशा गमती लिहीत बसले तर वही भरेल. मला लिहायचे ते हे नाही.

एकतिसावा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तो ठगूबाईला. ती पथारीवरची, चार लेकरांची आई, बोलायला मोकळी. मी खाली बघून, अगदी हळू विचारला. तिने तोंडाला पदर लावला आणि खदखदून हसली. "आवं माय! हाई बी इचारतस का तठे? तू बी ते संसार करेल शे. तुले म्हाईत नही का? तूच लिखी टाक."

तूच लिखी टाक. वयाच्या रकान्याला रोज ऐकत होते तेच वाक्य. मी लिहिले.

दुसरीला विचारताना जीभ रेटेना, म्हणून अर्धेच विचारले. तिसरीपासून विचारणे सोडून दिले. बाईला तिसाव्या प्रश्नाशी थांबवायची, मधले आठ वगळून शेवटचे बावीस विचारायची, पाणी द्यायची आणि ती गेल्यावर ओसरीकडे पाठ करून मधली जागा भरायची. चार आणे हे एक कारण होते. लाज हे दुसरे. पण तिसरे कारण सांगितल्याशिवाय हे लिहिणे फुकट आहे.

उत्तरे मी रचत नव्हते. ती माझी होती. माझे यजमान जिनात कापूस तोलत, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. वाईट नव्हते, हात कधी उगारला नाही. पण आतल्या खोलीच्या दाराची कडी लागल्याचा आवाज झाला की माझे हातपाय गार पडत आणि मी झोपल्याचे सोंग करून मनात पाढे म्हणत असे. ते तापाने गेले. चौथ्या दिवशी दुपारी मला अशी झोप लागली की तशी लग्नानंतर कधी लागली नव्हती आणि जाग आली तेव्हा मला कळले की मला दुःख झालेले नाही. हे मी आईला सांगितले नव्हते, देवालाही नाही. आता ते एकीच्या कागदावर थोडे, दुसरीच्या कागदावर थोडे लिहू लागले. ठगूबाईला कडी दिली, कोणा सीताबाईला पाढे, आणखी कोणाला ती झोप. लिहिले की छाती हलकी वाटायची. मला ते आवडू लागले. माझ्या ट्रंकेतल्या कागदावरची ती जागा कोरी राहिली आणि चाळीस बायकांचे कागद माझ्या गोष्टींनी भरले.

मग सरांचे पत्र आले. त्यात लाल वर्तुळ नव्हते, लाल अक्षरात 'फार महत्त्वाचे' असे होते. वसंतरावांनी पेढे आणले. "यमुनाबाई, हे तुमच्यामुळे. निम्म्याहून अधिक कागदांवर दाराची कडी आहे! एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका आणि भीती एकच. हेच माझ्या प्रबंधाचे मुख्य प्रकरण होणार." पेढा माझ्या हातात मऊ होऊन गेला, तोंडात घालवेना.

ते हुरूपाने गावातल्या घरांच्या कड्या बघत फिरू लागले. वहीत चित्रे काढली. एके दिवशी गोंधळून आले. "ठगूबाईंच्या घराला दारच नाही हो. काटक्यांचा झाप आहे, सुतळीने बांधलेला. मग कडी कुठली?"

मी म्हणाले, "माहेरची असंल."

"खरंच की," ते म्हणाले आणि तसे लिहून घेतले.

इथपर्यंत कोणाचे काही बिघडले नव्हते असे मी स्वतःला समजावत असे. नंतर रुखमा आली.

तापीच्या अलीकडच्या एका गावची, शेतकऱ्याची सून. तिचा सासरा झिपरूबाबा आणि नवरा भिका तिला बैलगाडीत घालून घेऊन आले. तिचे लहान मूल हगवणीने गेले होते आणि तेव्हापासून पाच महिने ती बोलत नव्हती. स्वयंपाक करी, निंदणी करी, पण शब्द नाही. भगत झाले, गंडे झाले. आता कोणीतरी सांगितले की नंदुरबारला येडासना डाक्टर शे.

मी त्यांना अंगणातून येताना पाहिले. झिपरूबाबा पुढे, टोमणे मारत. "चाल, चाल. तुन्हापायी पेरनी खोयंबनी." मागे भिका. मध्येच तो खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला, काटा काढला आणि थुंकी लावून पाय अलगद खाली ठेवला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. हे मी डोळ्यांनी पाहिले. पाहिले नव्हते असे मला म्हणता येणार नाही.

शंभर शब्दांपैकी तिने पाच-सहांनाच उत्तर दिले, ओठांतल्या ओठांत. 'बाळ'ला नाही, 'पाळणा'ला नाही. 'सावली' म्हटल्यावर तिने खिडकीतून बाहेर बघितले, तिथे निंबाखाली भिका बसला होता, आणि म्हणाली, "त्या." आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, 'त्या' म्हणतात.

वसंतराव ओसरीवर गेले. मी साठ प्रश्नांचा कागद घेतला. तिने एकाचेही उत्तर दिले नाही. नुसती माझ्या हातातल्या टाकाकडे बघत राहिली. बाहेर आठ बायका थांबल्या होत्या. मी नेहमीसारखा कागद भरला. भूक नाही, झोप नाही हे दिसतच होते. आणि एकतीस ते अडतीस माझे. त्या दिवशी माझे मन कडू होते म्हणून नेहमीपेक्षा जास्त लिहिले. नवरा घरी येऊ नये असे वाटते, एकटीला राहू द्यावे.

वसंतरावांनी वाचले आणि ते उठून उभे राहिले. "ती एवढे बोलली?"

आता तरी नाही म्हणता आले असते. मी म्हणाले, "माझ्याशी बोलली. हळू."

"तुमच्याशी पुरी वाक्ये बोलली! पाच महिन्यांनी!"

त्यांनी झिपरूबाबाला आत घेतले. शिकाऊ माणसाने सरांना विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होते. पण समोर बाई होती, हातात कागद होता आणि तो कागद त्यांच्या मुख्य प्रकरणाशी तंतोतंत जुळत होता. सूनबाईला सहा महिने माहेरी ठेवा, असे त्यांनी सांगितले. नवऱ्याने भेटू नये.

"म्हंजे आंडोरनी तिनाजोडे ऱ्हावाले नको, अस्संच ना?"

"काही दिवस."

"तिनी स्वता सांगं?"

"हो."

"मंग कागदवर लिखी द्या."

वसंतरावांनी लिहून दिले. म्हाताऱ्याने चिठ्ठी घडी करून पागोट्यात खोचली. भिका दारात उभा होता. म्हणाला, "साहेब, ती मन्हा हातनंच जेवस. दुसरा कोनाना हातनं नही."

"म्हणूनच थोडे लांब राहा," वसंतराव मायेने म्हणाले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते.

रुखमाने डॉक्टरांकडे पाहिले नाही, सासऱ्याकडे नाही. तिने माझ्याकडे पाहिले. त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होते की कागदावरचे ती काही बोललेली नाही, आणि दोघींपैकी बोलता येणारी एकच होती. मी मान खाली घालून टाक पुसला.

अकरा दिवस गेले. मी आणखी कागद भरला नाही, डोके दुखते म्हणून सांगितले. बाराव्या दिवशी भिका आला. तो आत येईना, खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला.

"बाई, तिनी तुमले काय सांगं?"

मी दौतीचे झाकण लावले.

"बाप गावमा चिठ्ठी दखाडस. म्हणस, सून स्वता सांगस की नवरा नको, मंग आपुन दुसरी कराले मोकया. सोयरा बी देखी ऱ्हायना. आनि तठे माहेरले ती जेवत नही. तिना भाऊ सांगी गया, चार दिननं अन्न पोटमा नही. मी काय करं, बाई? माले सांगा. मन्ही काय चुकी व्हयनी ते सांगा, मी तिना पाय धरसू."

"तिनी काहीच सांगं नही, भाऊ," मी म्हणाले.

त्याला कळले नाही. कळण्यासारखे नव्हतेच. मी उठून मागच्या खोलीत गेले. वसंतराव प्रबंधाचे प्रकरण सुवाच्य अक्षरात उतरवीत होते. मी भिंतीकडे तोंड करून सांगितले. तोंडाकडे बघून मला सांगता आले नसते.

"किती कागद?" त्यांनी विचारले.

"एकेचाळीस. तिचा धरून."

"एकतीसपासून अडतीस?"

"हो."

मागे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "इतक्या जणींत एकच कडी कशी आली, यमुनाबाई?"

"माझ्या मनानं आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिले असावे. पुढे तो प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. "का केलंत?" एवढेच विचारले.

"विचारायची लाज वाटली."

"मलाही वाटत होती," ते म्हणाले. "म्हणून तर मी ओसरीवर बसत होतो."

मला वाटले होते ते ओरडतील. ओरडले असते तर बरे झाले असते. ते लिहीत होते तो कागद त्यांनी उलटा ठेवला, चपला घातल्या आणि भिकाला विचारले, "गाडी आहे?"

आम्ही दुपार कलता झिपरूबाबाच्या अंगणात पोचलो. म्हातारा खाटेवर बसला होता, सोयरिकीची दोन माणसे समोर चहा पीत होती. वसंतराव उभे राहूनच म्हणाले, "बाबा, ती चिठ्ठी परत द्या. तिच्यात लिहिले आहे ते चुकीचे आहे. चूक माझी."

"काल कागद दिधा, आज कागद मांगस. तुमना इद्यापीठमा हाईच शिकाडतस का?" म्हातारा पाहुण्यांकडे बघून म्हणाला. पाहुणे हसले. वसंतराव तांबडेलाल झाले पण हलले नाहीत. "सून स्वता सांगेल शे. तिना शब्द शे. तुम्ही कोन खोडनार?"

माझे नाव वसंतरावांनी घेतले नव्हते. ते घेणार नव्हते. मी बैलाच्या आडोशाला पदर ओढून उभी होते आणि तशीच राहिले असते तर कोणी मला विचारले नसते. जन्मात मी चार पुरुषांसमोर बोलले नव्हते. पण चिठ्ठी पागोट्यातच होती.

मी म्हणाले, "ती बोलनी नही. ते मी लिखं."

"काय?"

"मन्हा मनथीन लिखं. त्या कागदवरनं ती एक शब्द बोलनी नही."

चुलीपाशी बसलेली सासू उठून माझ्याजवळ आली. तिने माझा पदर मागे सारून तोंड नीट पाहिले. "तुन्ही पोटनी आंडेर ऱ्हाती," ती म्हणाली, "ते लिखती का वं असं?"

आंडेर म्हणजे लेक. मी पदर पुन्हा पुढे ओढला.

भिकाने बापाच्या चिठ्ठीची वाट पाहिली नाही. बैल सुटलेच नव्हते. त्याने गाडी फिरवली आणि रुखमाच्या माहेरच्या वाटेला लावली. बाप मागून ओरडत होता, "आनशी ते ह्या घरमा नही!" तसेच झाले. भिकाने तिला आणली आणि दोघे नदीकाठच्या शेतात झोपडी घालून राहिले. दुसरी बायको झाली नाही. पण भावकीत एकत्र होते ते घर तुटले आणि ते माझ्या टाकाने तुटले.

वर्षाने रुखमा तापासाठी दवाखान्यात आली, भिकाबरोबर. माझ्याच रांगेत. मी नाव विचारले, तिने सांगितले. गाव विचारले, सांगितले. बारीक आवाज होता. मला काही तरी बोलायचे होते पण मागे रांग होती, आणि रांग नसती तरी मी बोलले नसते. वय तिला सांगता आले नाही. तो रकाना मी कोरा ठेवला. त्यावरून कंपाउंडर मला बोलला.

वसंतरावांनी सरांना सगळे कळवले. सरांचे उत्तर त्यांनी मला वाचून दाखवले नाही, पण प्रबंधाला एक वर्ष वाढले आणि ते प्रकरण गेले. त्यांनी मला कामावरून काढले नाही. शंभर शब्द वाचायला मीच बसत असे. प्रश्नांसाठी मात्र सोनादाई आली. ती सगळ्या गावाची सुईण. तिला लाज नव्हती, आणि बायकांना तिच्यापुढे नव्हती. ती मोठ्याने विचारायची, बायका मोठ्याने हसायच्या आणि सांगायच्या. मी पलीकडे पट्ट्या गुंडाळत ऐकायची. कोणी बाळंतपणाला भीत होती. कोणी नवऱ्याच्या दारूला. ठगूबाई म्हणाली की दिवसभर मिरचीत गेल्यावर तो पायाला तेल लावून देतो तेवढेच सुख. रुखमा सोडून बाकीच्या चाळीस जणींना पुन्हा विचारले, एकीनेही कडीचे नाव काढले नाही.

मला वाटले होते सगळ्यांचे असेच असते, फक्त कोणी बोलत नाही. म्हणूनच तर मी इतक्या धीटपणे लिहीत गेले. ते तसे नव्हते.

काम संपवून वसंतराव परत गेले. पुढे पदवी मिळाल्याचे कार्ड शेठजींना आले, ते सगळ्यांना वाचून दाखवले. मला बरे वाटले, पण पेढा मी त्याही दिवशी खाल्ला नाही.

एकेचाळीस कागदांचे चार आण्यांप्रमाणे दहा रुपये चार आणे होत होते. ते त्यांनी मागितले नव्हते. मी दर महिन्याला आठ आण्यांची मनीऑर्डर करू लागले. पहिल्या वेळी त्यांचे पत्र आले की पाठवू नका. मी उत्तर दिले नाही, पाठवत राहिले. मनीऑर्डरीखाली दोन ओळी लिहायला जागा असते. वीस महिने ती मी रिकामीच सोडली.

शेवटच्या वेळी पोस्टातल्या भाऊंनी विचारले, "बाई, दरमहा आठ आने, आज चारच?"

"आज फिटले," मी म्हणाले.

त्या दिवशी खालच्या जागेत लिहिले: 'दहा रुपये चार आणे पूर्ण. त्या एकेचाळीस कागदांवरची उत्तरे खोटी नव्हती. पण सगळी एकाच बाईची होती.' लिहून होताच कागद भाऊंच्या हातात दिला, नाहीतर खोडले असते.

आठ दिवसांनी पोचपावती आली. तिच्यावर फक्त त्यांची सही होती आणि सहीखाली, 'पूर्ण मिळाले.'